धूर वेगळा, आवाज वेगळा

वाचकाचं पत्र: "मी निवृत्त विज्ञानशिक्षक, वय ७६, राहणार चाळीसगाव. १९८६ साली आमच्या शाळेला सरकारी योजनेतून बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर मिळाला होता. पुढे तो कुलपातच राहिला. प्रयोगशाळा पाडायची ठरली तेव्हा मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन मी तो घरी आणला. यंदा श्रावणात कानबाईच्या रोटांना सगळे घरी जमले, तेव्हा नातवाला दाखवावा म्हणून लावला. चक्क चालू झाला! कीबोर्डवर दोन ओळी टाइपही केल्या. दहा-बारा मिनिटांनी फट् असा आवाज आला, मागच्या फटीतून पांढरा धूर निघाला, घरभर जळका वास सुटला. मी लगेच बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुतण्याने झाकण उघडलं, कीबोर्ड काढला, ब्लोअर मारला, दोन-चार आयसी (चिप) दाबून पाहिले आणि सगळं परत लावलं. तेव्हापासून बटण दाबलं की कीबोर्डवरचे दिवे लागतात, आतून 'टूँऽऽऽ' असा एकच सूर येत राहतो आणि पडद्यावर काही उमटत नाही. पुतण्या म्हणतो, धुरात सगळं जळालं. नातू म्हणतो, आजोबा, हे मोबाईलवर चालतं, कशाला त्रास? सौ. म्हणतात, भंगारवाल्याला द्या. माझ्याच हातून तो बिघडला का, एवढं तरी सांगा."

सर, सप्रेम नमस्कार.

तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. पण हे वाचून होईपर्यंत बटणाला हात लावू नका, आणि भिंतीतून पिन काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि घरच्या सगळ्यांनी त्यांची एकच मोट बांधली आहे. धूर पहिल्या दिवशी निघाला. मशीन सुरू व्हायचं थांबलं ते दुसऱ्या दिवशी, झाकण उघडून लावल्यावर. मधल्या रात्री त्याला कुणी लावून पाहिलं होतं का? पत्रावरून तरी नाही. मग धुराने ते मेलं हे कशावरून? मी धुळ्याला ज्या टीव्ही मेकॅनिककडे हाताखाली होतो, ते अहिराणीत एक वाक्य नेहमी ऐकवायचे: "धूर निंघना म्हनीसन मरना आसं नही." तुमच्या मशीनला ते तंतोतंत लागू पडतं.

आधी धुराचं बघू. बीबीसी मायक्रोच्या डाव्या हाताला आत एक पत्र्याची डबी असते, तो वीजपुरवठा, आपल्या भाषेत एसएमपीएस. तिच्यात २३० व्होल्टची लाइन शिरते तिथेच दोन छोटे कपॅसिटर बसवलेले असतात, एक ०.१ मायक्रोफॅरडचा आणि एक ०.०१चा. पिवळसर पारदर्शक चौकोनी वड्यांसारखे दिसतात, बहुतेकांवर 'रिफा' असं छापलेलं असतं. वरून इपॉक्सीचं कवच आणि आत धातूचा मुलामा दिलेला कागद. वर्षं गेली की कवचाला बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून हवेतली ओल कागदात झिरपते. मग एखाद्या दिवशी कुणीतरी लाइन देतो, ओला कागद तापतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत फट्! जगभर हे असंच होतं, पण आपल्याकडे जरा जास्तच सोय आहे: पत्र्याच्या छपराखाली जवळजवळ चाळीस खानदेशी उन्हाळे कवच तडकवायला, आणि नेमका श्रावण ओल पाजायला. तुम्ही तो वैशाखात लावला असतात तर कदाचित आणखी थोडा वेळ तग धरला असता, पण फुटायचा होताच.

गंमत म्हणजे हे कपॅसिटर मशीन चालवायला लागतच नाहीत. ते फक्त लाइनीतली खरखर आत-बाहेर जाऊ नये म्हणून घातलेले आहेत. फुटल्यावर बरीच मशीन्स धूर काढता काढताही चालू राहतात. फार तर फ्यूज जातो. तुमचा फ्यूज गेलेला नाही, कारण दिवे लागताहेत.

पण म्हणून फुटलेला तसाच ठेवून मशीन लावू नका. आणि दुसरा अजून फुटला नसेल तर तोही फुटणार, हे धरून चाला. दोन्ही बदलायचे. दुकानात मागताना एक सांभाळा. नुसतं "कंडेन्सर द्या" म्हणालात तर समोरचा माणूस छताच्या पंख्याचा हातात ठेवेल. कागदावर लिहून न्या: एक्स-टू वर्गाचा, २७५ व्होल्ट एसी, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरड. 'एक्स-टू' ही अक्षरं त्याच्या अंगावर छापलेली हवीत. लाइनीच्या दोन तारांत बसायला तोच वर्ग बनवलेला असतो, दुसरा कुठलाही बसवला तर पुढचा धूर पांढराच असेल याची हमी नाही. जळगावला गोलाणी मार्केटात एखाद्या पार्ट विकणाऱ्याकडे मिळावा. नवे फिल्मचे घ्या, जुन्या स्टॉकातले तेच पिवळे कागदी कुणी दिले तर परत करा.

ही डबी मात्र तुम्ही किंवा पुतण्याने उघडू नये असं माझं मत आहे. तुम्ही विज्ञान शिकवलंत, तेव्हा कारण सांगितल्याशिवाय ऐकणार नाही. २३० व्होल्ट एसी डायोडमधून गेली की आतल्या मोठ्या कपॅसिटरवर तिचं शिखर जमा होतं, म्हणजे १.४१४ पट, साधारण ३२५ व्होल्ट डीसी. पिन काढल्यावरही ते काही काळ तिथेच बसून असतात. गावात एसएमपीएस दुरुस्त करणारा कुणी जुना टीव्हीवाला असेल, त्याला डबी काढून द्या. झाकण उघडून (कसं ते पुढे सांगतो) वायरी कुठे बसतात त्याचा फोटो काढा, त्या बोर्डावरून सोडवा, मग खालून तीन स्क्रू काढले की ती अख्खी सुटते. त्याच्याकडे सीरिज बोर्ड असेलच. शंभर वॉटचा जुना तारेचा बल्ब लाइनीत घालून डबीला वीज द्यायला सांगा. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर आत शॉर्ट नाही. भक्क लागून राहिला तर आहे. (एलईडी बल्बवर हा खेळ चालत नाही. हल्ली तारेचा बल्ब मिळवणं हेच दुरुस्तीतलं अवघड काम होऊन बसलंय.)

आता त्या आवाजाकडे येऊ. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच वाटली.

धडधाकट बीबीसी मायक्रो सुरू होताना दोन सूर काढतो. आधी एक खर्जातला, लगेच एक वरचा, आणि मग शांत. शाळेत शेकडो वेळा ऐकला असाल. तो खालचा सूर कुणी मुद्दाम वाजवत नाही. आवाजाची जी चिप असते ती वीज मिळताच आपली आपण घुमायला लागते. मग ६५०२ हा प्रोसेसर जागा होतो, आपल्या रॉममधला (कायमचा प्रोग्रॅम साठवलेल्या चिपमधला) प्रोग्रॅम वाचू लागतो, आणि त्याच्या पहिल्या काही कामांतलं एक म्हणजे त्या चिपला गप्प करणं. त्यानंतरचा छोटा 'बीप' ही त्याची हजेरी. तुमच्याकडे 'टूँऽऽऽ' थांबतच नाही, म्हणजे गप्प करणारा जागाच झालेला नाही. वर्गात मुलं कालवा करताहेत आणि गुरुजी आलेलेच नाहीत, तशातला प्रकार.

यातून काय कळलं? वीज पोचते आहे, नाहीतर दिवेही लागले नसते आणि चिपही घुमली नसती. प्रोसेसर, त्याची रॉम, त्याला लागणारी सोबत, किंवा त्यांच्यापर्यंत जाणारी पुरेशी वीज, यांत कुठेतरी तुटलंय. आणि काल चालणाऱ्या गोष्टी आज का तुटाव्यात? मधे कोण आलं होतं? सर, पुतण्याला रागावू नका, पण माझा पहिला संशय त्याच्या ब्लोअरवर आणि अंगठ्यावर आहे.

आता झाकण कसं उघडायचं ते, आणि डबी दुरुस्त होऊन परत लावली की आत काय बघायचं ते. मागे दोन आणि खाली दोन असे चार स्क्रू, प्रत्येकाशेजारी 'फिक्स' लिहिलेलं असतं. फ्लॉपी ड्राइव्ह जोडलेला असेल तर तो आधी काढून बाजूला ठेवा, सध्या त्याचं काम नाही. आत बघण्यापूर्वी मोबाईलवर चारही बाजूंनी फोटो काढा. नातवाला या कामाला लावा.

कीबोर्डपासून मुख्य बोर्डाकडे एक चपटी रिबन वायर जाते. पुतण्याने कीबोर्ड काढला होता म्हणजे ती निघाली होती. तिचं सॉकेट एका रांगेतल्या पिनांवर बसतं आणि एक पिन डावी-उजवीकडे सरकूनही ते सहज बसतं, वरून कळतसुद्धा नाही. दोन्ही टोकांच्या पिना मोजून पाहा. उघडी पिन दिसली तर तिथेच थांबा, नीट बसवा.

मग वीजपुरवठ्याच्या वायरी. डबीतून लाल आणि काळ्या वायरींच्या तीन जोड्या बोर्डावर येतात, शिवाय एक जांभळी. लाल म्हणजे अधिक ५ व्होल्ट, काळी म्हणजे शून्य, जांभळी उणे ५. या वायरी चपट्या पत्रीवर नुसत्या दाबून बसवलेल्या असतात. त्या सैल झाल्या किंवा पत्री काळवंडली की दिवे लागण्यापुरती वीज जाते आणि चिप चालण्यापुरती जात नाही. म्हणून मल्टीमीटर डबीच्या तोंडाशी नको, बोर्डावरच्या पत्रीवर धरा, तिन्ही जोड्यांवर वेगवेगळा. ४.७५ ते ५.२५ यांच्यामध्ये आकडा हवा. ४.५ दिसला तर आयसींना हात लावायची गरजच नाही, तुमचा आजार तिथेच आहे. पत्री साफ करा, वायरीची टोकं पकडीने किंचित आवळा, परत मोजा. तरी कमीच आला तर डबीतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर थकलेत, तेही त्याच मेकॅनिककडून बदलून घ्या.

पत्री साफ करताना एका वेळी एकच वायर काढा आणि लगेच जागेवर लावा. याचं कारण मी स्वतः आहे. फार वर्षांपूर्वी एका शाळेच्या मशीनवर मी सगळ्या वायरी एकदम काढल्या, गप्पांच्या नादात एक जोडी उलटी बसवली आणि बटण दाबलं. आवाज नाही, धूर नाही, काहीच नाही. सगळे आयसी निमूट गेले. तुमच्या मशीनने निदान फट् तरी केलं.

व्होल्ट ठीक आले आणि सूर तरीही चालूच, तर कीबोर्डवरचं ब्रेक बटण दाबून सोडा. त्यावर 'बीप' होऊन मशीन जागं झालं तर सुरुवातीला प्रोसेसरला धक्का देणारा रिसेटचा भाग लंगडतोय, एवढंच. तेवढं असेल तर रोज ब्रेक दाबून चालवलं तरी मला चालेल. तुम्हाला चालतं का बघा.

नाही झालं, तर आयसी. बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचे नंबर छापलेले आहेत. १ नंबर म्हणजे ६५०२, ३ नंबर म्हणजे कीबोर्ड आणि आवाज सांभाळणारा ६५२२, ५१ म्हणजे मुख्य प्रोग्रॅमची रॉम, ५२ म्हणजे बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची रॉम. हे सॉकेटात बसवलेले असतात. पुतण्याने ते वरून दाबले. दाबण्याने कधी कधी काम होतं हे खरं, पण अर्धवट बसलेला आयसी तिरका दाबला तर एखादा पाय दुमडून पोटाखाली जातो. प्रत्येक आयसी दोन्ही टोकांकडून चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने थोडा इकडून, थोडा तिकडून असा सरळ वर उचला. सगळे पाय मोजा. काळे पडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या जुन्या टूथब्रशने हलकेच घासा. परत बसवताना एका टोकाची खाच पूर्वी जिकडे होती तिकडेच हवी, त्यासाठीच तो फोटो. हात लावण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या एखाद्या उघड्या धातूला बोटं टेकवा आणि टेरिकॉटचा शर्ट त्या दिवशी नको, सुती बंडी उत्तम. सध्या पावसाळी हवा आहे म्हणून बरं, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत अंगातल्या ठिणगीनेच आयसी जातात.

६५२२ बद्दल एक युक्ती सांगतो, फुकटातली. बोर्डावर ६५२२ दोन आहेत. ३ नंबरचा नसेल तर मशीन उठत नाही. ६९ नंबरचा प्रिंटर आणि बाहेरच्या जोडण्यांसाठी आहे, तो काढून ठेवला तरी मशीन सुरू होतं. मग आधी ६९ नंबरचा काढून बटण दाबून पाहा, कारण बिघडलेला तोच सगळ्यांचा रस्ता अडवून बसलेला असू शकतो. तेवढ्याने भागलं नाही तर तोच ६९वाला ३ नंबरच्या जागी बसवा. दोघे सख्खे जुळे आहेत. सूर थांबला तर चोर सापडला.

मागच्या बाजूची सॉकेटंही एकदा टॉर्च लावून बघा. बंद खोलीत पडलेल्या मशीनच्या भोकांत कुंभारमाशीने मातीची घरं केलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. ती सुकी असेपर्यंत निरुपद्रवी, श्रावणात ओलावली की तिथे शॉर्ट. ब्लोअरने ती माती निघत नाही, उलट तिचा भुगा आत उडतो. दाढीचा जुना ब्रश आणि बांबूची काडी घ्या.

चालू झाल्यावर तासभर चाललं की पडद्याचं चित्र बनवणारी एक चिप चांगली चटका देईल. तिच्यावर बहुधा काळा उष्णताशोषक पत्राही असेल. तिचा तो स्वभावच आहे, घाबरू नका. या मशीनला पंखा नाही, म्हणून दुपारच्या वेळी मात्र विश्रांती द्या.

पडद्याचं तुम्ही जास्त लिहिलं नाहीत. शाळेचा मॉनिटर गंजला असेल तर घरचा टीव्ही चालतो. ही यंत्रं इंग्लंडसाठी बनली आणि इंग्लंडची पाल पद्धत, ५० हर्ट्झ, हीच आपल्या टीव्हीची. मागे व्हिडिओचं जे गोल, फिरवून बसवायचं सॉकेट आहे ते बीएनसी. त्याची पिन शोधायला तुम्हाला कुठे लांब जायला नको. सीसीटीव्ही कॅमेरे बसवणाऱ्याकडे जा, बीएनसी-टू-आरसीए जोड मागा आणि तो टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटात घाला. चित्र काळं-पांढरं येईल. रंग गेले म्हणून परत झाकण उघडू नका, त्या सॉकेटातून मुळात तसंच येतं.

आणि पडद्यावर अक्षरं दिसली की ती नीट वाचा. 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक' आणि त्याखाली बाणाचं टोक आलं तर सगळं ठीक. ३२च्या जागी १६ आलं तर अर्धी मेमरी त्याला दिसत नाहीये. 'लँग्वेज?' असं विचारत थांबलं तर बेसिकची रॉम, तीच ५२ नंबरची, नीट बसलेली नाही. कीबोर्डच्या दिव्यांतला शेवटी फक्त कॅप्स लॉकचा उरायला हवा.

एवढं सगळं करूनही सूर तसाच राहिला तर मेमरीच्या चिपांवर यावं लागेल. त्या सोळा आहेत आणि डाख देऊन बसवलेल्या आहेत. तिथे घरगुती उपाय संपतात.

नातवाचं म्हणणं खोटं नाही. मोबाईलवर बीबीसी मायक्रोची नक्कल छान चालते, आणि तुमचा बेसिकमधला एखादा जुना प्रोग्रॅम कागदावर असेल तर आजच त्यात टाइप करून बघता येईल. फक्त त्याला एक सांगा. हे मशीन बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर या दोघांनी पुढे एक नवा प्रोसेसर रचला. १९८५च्या एप्रिलमध्ये त्याची पहिली चिप सुरू करून पाहिली, ती एका बीबीसी मायक्रोलाच जोडून. त्या प्रोसेसरचं नाव आर्म. त्याचेच वंशज आज जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये आहेत. तेव्हा मोबाईलने आजोबांच्या मशीनची नक्कल करणं म्हणजे नातवाने आजोबांची काठी घेऊन चालून दाखवणं.

जुन्या फ्लॉप्या सापडल्या असतील तर मशीन सुधारल्याबरोबर त्या ड्राइव्हमध्ये घालू नका. त्यांच्या खिडकीतून दिसणाऱ्या काळ्या चकतीवर पांढुरकी बुरशी असेल तर ती ड्राइव्हच्या फ्लॉपी वाचणाऱ्या हेडला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक फ्लॉपीला ओरखडत जाते. त्यांचं वेगळं लिहीन.

भंगारवाल्याचं काय ते घरात तुम्ही बघून घ्या, त्यात मी पडत नाही. मला फक्त दोन गोष्टी कळवा: तिन्ही लाल वायरींवर किती व्होल्ट आले, आणि ६९ नंबर काढल्यावर सूर थांबला की नाही.